हिराबायच्या खिडकीतली होडी

आषाढ सरत आला, सरींच्या मधूनमधून उन्हाच्या तिरिपी पडायला लागल्या, की आमच्या बोईसरजवळच्या सरावलीच्या घरात दोन माणसं बेचैन होतात. एक आमचे हे. मासेमारीच्या बंदीचे दोन महिने त्यांनी सुक्या बोंबलांवर आणि सोड्यांवर काढलेले असतात, आणि आता डब्याच्या तळाशी फक्त जवळ्याचा चुरा उरलेला असतो. मग ते रोज सकाळी गॅलरीत उभे राहून पश्चिमेकडे बघतात. आमच्या गॅलरीतून पश्चिमेला समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, समुद्र नाही. पण बघण्यातली आर्तता तीच. दुसरी मी. माझी बेचैनी बोटांच्या टोकांना असते. काच दिसली की तिच्यावर काहीतरी काढावंसं वाटतं, काढावंसं वाटलं की तीन वर्षांपूर्वीचा तो श्रावण आठवतो, आणि मी काच नुसती पुसून परत जागेवर ठेवते.

मी घरी काचेवर नक्षी कोरते. कोरते म्हणायचं, बाकी सगळं काम एक पांढरी मलई करते. बाटलीत मिळते, दिसायला थेट चेहऱ्याच्या क्रीमसारखी, म्हणून आमच्या ह्यांनी तिच्यावर लाल शाईनं ‘चेहऱ्यास लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. माझ्या चेहऱ्याची त्यांना इतकी काळजी लग्नानंतर पहिल्यांदाच वाटली. काचेवर नक्षीच्या आकारात कापलेला चिकट कागद लावायचा, उघड्या राहिलेल्या जागी ही मलई जाड थापायची, दहा-पंधरा मिनिटं दम धरायचा, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि कागद सोलून काढायचा. सोलताना चर्रर्र असा आवाज येतो. खाली काच दुधाळ आणि खरखरीत झालेली असते. तिच्यावरून बोट फिरवलं की फुलाची कड लागते, आणि नखानं कितीही घासलं तरी फूल जात नाही. हे न जाणं मला फार आवडतं. रांगोळी जाते, मेंदी जाते, भिंतीचा रंगसुद्धा दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. काचेवरचं फूल काच फुटेपर्यंत तिथंच.

हा नाद मुळात भांड्यांच्या दुकानातला. माझं माहेर केळव्याचं, पानवेलींची आणि केळीची वाडी. घरात लग्न निघालं की आई मला घेऊन पालघरला भांडी घ्यायला जायची. खरेदी संपली की दुकानदार विचारायचा, “नाव काय घालायचं?” आणि ती सुईची मशीन काढायचा. टर्रर्र करत स्टीलच्या डब्यावर बारीक बारीक ठिपके पडत जायचे आणि ठिपक्यांतून अख्खी आत्या उमटायची, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. आई झाकणं बसतात की नाही ते बघत असायची, मी सुई बघायची. दात करकरायचे त्या आवाजानं, तरी जागची हलायची नाही. पुढे चाळीस वर्षं घरसंसार झाला, मुलगी लग्न होऊन गेली, आणि एके दिवशी मोबाइलवर कुणाचा तरी काच कोरतानाचा व्हिडिओ बघताना माझे दात अचानक तसेच करकरले. त्याच आठवड्यात मी मलई मागवली.

चिकट कागद कापून देतो तो बोईसरचा रेडियमवाला. मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी आणि रिक्षांच्या मागच्या काचेवरची नावं हा त्याचा खरा धंदा. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं विचारलं, “आंटी, शेर बनाऊँ? शेर बहुत चलता है.” मी म्हटलं, “मोगरा चाहिए.” त्याचा चेहरा पडला. “मोगरे में क्या दिखेगा? कुछ आँखवाला लो.” शेवटी त्यानं मोगरा कापला खरा, पण त्याच्या हाताला जन्मभर ज्वाळांची सवय. त्यामुळे माझ्या पहिल्या सहा ग्लासांवरचा मोगरा पेटलेला दिसतो. पाहुणे विचारतात, मी “मशाल” म्हणून सांगते.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कारखान्यातून निवृत्त झाले, सेफ्टीतून नाही. माझी बाटली घरात आली आणि त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. हातमोजे, चष्मा, रबरी एप्रन हे तर ठीकच होतं, ते हवंच. पण बाटली उघडण्याआधी मला परमिट भरावं लागायचं. काम कोणतं, जागा कोणती, वारा कुठून, सुटकेचा मार्ग कुठला. सुटकेच्या मार्गापुढे मी एकदा ‘माहेर’ असं लिहिलं. त्यांनी ते शांतपणे खोडून ‘जिना’ लिहिलं आणि खाली सही केली. वारा कळावा म्हणून गॅलरीच्या गजाला माझ्या परकराची लाल नाडी बांधून ठेवली होती. ती दिवसभर फडफडायची आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक हा कुठला नवस, म्हणून विचारायचे.

त्या वर्षी बंदी चालू असताना एके दुपारी माझ्या हातून चमचाभर मलई फरशीवर पडली. चमचाभर! मी ओलं फडकं आणायला वळले, तेवढ्यात ह्यांनी शिट्टी फुंकली. कारखान्यातली, निवृत्तीला आठवण म्हणून मिळालेली. बोईसर-तारापूरला राहणाऱ्या माणसाला त्या शिट्टीचा अर्थ समजवावा लागत नाही. दोन मिनिटांत आमच्या सोसायटीच्या तिन्ही इमारती खाली. सगळ्यांच्या नाकाला ओले रुमाल, सगळे वाऱ्याला आडवे चाललेले, एकाच्या बगलेत कागदपत्रांची पिशवी, एकीच्या हातात शिट्टी न झालेला कुकर. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा वाऱ्याला आडवं पळायचं हे ठाऊक असतं. “कुठल्या कंपनीतून गॅस सुटलाय?” असं कुणीतरी रुमालातून विचारलं. हे प्रामाणिक माणूस. म्हणाले, “आमच्या किचनमधून.” त्यानंतर महिनाभर मी जिन्यानं मान खाली घालून चढत-उतरत होते.

त्या गर्दीत नाकाला पदर न लावता उभी असलेली बाई एकच होती, ती हिराबाय. हिराबाय आमची मासळीवाली. सातपाटीहून येते, पंचवीस वर्षं आमच्या दारात पाटी उतरवते. बंदीत सुकी मासळी, एरवी ताजी. तिचं म्हणणं, ज्या नाकानं जन्मभर बोंबील वाळताना सोसले त्याला तुमच्या कंपन्यांचा वास काय करणार. पांगापांग झाल्यावर ती माझ्या मागोमाग वर आली, काय सांडलंय ते बघायला. ओट्यावर मी नुकतीच धुतलेली कपाटाची काच सुकत उभी होती, नेच्याची पानं कोरलेली. हिराबायनं तिच्यावर अंगठ्याचं नख घासलं. परत घासलं.

“ही जात नाय?”

“नाही जात.”

“पान्यानं?”

“पाण्यानं कशी जाईल? काच फुटली तरच.”

हिराबाय पाटीजवळ टेकली. मग म्हणाली, “मंग बाय, मना एक होडी काढून दे.”

तिचा नवरा आदल्या हिवाळ्यात आजारपणात गेला होता. त्याची होडी तेव्हापासून किनाऱ्यावरच होती. आता बंदी उठली की मुलगा नितेश ती काढणार होता, आणि पहिल्यांदाच तांडेल म्हणून. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. कुठं जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी मागं फिरायचं, हे सगळं त्याच्या डोक्यावर. इतकी वर्षं नितेश बापाच्या मागं उभा राहून जाळं ओढायचा. आता मागं सहा माणसं उभी राहणार होती आणि पुढं कुणी नव्हतं. होडीचं नाव ‘हिरा’. नवऱ्यानंच ठेवलेलं. हिराबायला दाराशेजारच्या खिडकीच्या काचेवर ती होडी हवी होती, नावासकट. न जाणारी.

होडी बघायला म्हणून मी सातपाटीला गेले. बंदीच्या दिवसांत सातपाटीचा किनारा बघावा. होड्या सगळ्या जमिनीवर, एकीला एक लागून, आणि माणसं त्यांच्या पोटाखाली. कुणी फटी बुजवतोय, कुणी डांबर लावतोय, कुणी निळा रंग. डांबर, रंग, ओली जाळी आणि चुलीवरचं सुकं कालवण यांचा मिळून जो वास येतो तो मला अजून पावसाळी दुपारी उगाच येतो, गॅलरीत उभं राहिलं की. मी पोरीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत होडी काढली आणि नितेशला दाखवली. पंचविशीचा मुलगा, हाताला निळा रंग. त्यानं वही लांब धरली, जवळ धरली. “काकी, ह्याला शीड काढलाय.”

“मग?”

“आमच्या होडीला इंजिन हाय. शीड आता लग्नाच्या पत्रिकेवर असते.”

मी शीड खोडलं. केबिन काढली, वरचे बावटे काढले, जाळ्याचा ढीग काढला. आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दाराच्या उलट बाजूला, समुद्राकडे ठेवली. मला वाटलं, पहिल्यांदा तांडेल होतोय पोरगा, होडी कशी लाटेवर निघालेली हवी. हिराबाय वहीकडे बघत होती. काही बोलली नाही. तिला आवडलं असावं असं मी धरून चालले, कारण माझं मला फार आवडलं होतं.

रेडियमवाल्याला तर आनंदाचं भरतं आलं. “बोट? नाम के साथ? ये हुई ना बात, आंटी!” त्यानं होडीखालच्या लाटांना ज्वाळांची टोकं काढली, पण लाटांना ती शोभली. दोन दिवस हे परमिटं भरत होते. काच मोठी, म्हणून वाऱ्याची दोनदा नोंद. आणि ती काच झाली मात्र फार सुंदर, आपली म्हणून सांगत नाही. उजेडाला धरली की दुधाळ होडी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसायची.

बसवताना मात्र वाद झाला. गल्लीत हिराबायच्या घरासमोर तिची जाऊ राहते, पारू. पारूच्या दारावर चमचमत्या माशाचं स्टिकर आहे. काच बघून पारू म्हणाली, “असाच हाय. रेडियमचा ठिगला.” झालं. हिराबायनं सुताराला सांगितलं, खरखरीत बाजू रस्त्याकडे लाव. ज्याला पायजे त्यानं येऊन नख घासून बघावा. सुतारानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, नुसती नाही, जोरात डोलावली, कारण माझ्याही अंगात पारू संचारली होती. नंतर चार दिवस अख्ख्या गल्लीनं त्या होडीवर नखं घासली. पारूनं दोनदा घासली, दुसऱ्यांदा सुरीनं.

नारळी पौर्णिमेला आम्ही दोघं मुद्दाम गेलो. दर्याला सोन्याचा नारळ वाहिला गेला, बँड वाजला, हिराबायनं मला अख्ख्या गल्लीत हाताला धरून फिरवली. “ही ती काचंवाली.” दोन दिवसांनी नितेशची होडी निघाली. खोल पाण्यात जायची होती, चार-पाच दिवसांचा बेत. ह्यांनी घरी येऊन नारळाचं दूध काढून ठेवायला सांगितलं, पापलेट आल्यावर घाई नको म्हणून.

काच बसवल्यापासून उघडीपच होती, होडी निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून पाऊस धरला. वादळ वगैरे काही नव्हतं, आपला श्रावणातला जरा आडदांड पाऊस. दुपारी बेल वाजली. दारात हिराबाय. डोक्यावर पाटी नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

“बाय, होडी गेली.”

मी तिला आत ओढलं. “कुठली? नितेशची?”

“काचंवरची. पाऊस लागला नि गेली. पाऊस थांबला, काच सुकली, मंग परत आली. परत पाऊस आला, परत बुडली. सकालपासून तीनदा बुडली, बाय. नि पोर माझा भाईर हाय.”

त्या क्षणी मला माझे ग्लास आठवले. दोन वर्षं मी ते धूत होते. धुताना त्यांच्यावरचा मोगरा फिका व्हायचा आणि पुसल्यावर परत उठायचा, आणि मी दोन वर्षं समजत होते की साबण नीट निघत नाही. एवढी अक्कल घेऊन मी पाण्याच्या तोंडावरच्या गावात, पावसाच्या तोंडावर, खरखरीत बाजू बाहेर करून, होडी बसवून आले होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला एक ओला ग्लास पुरायला हवा होता.

ह्यांनी परिस्थिती हातात घेतली. हिराबायला खुर्चीवर बसवून कागदावर आकृती काढली. “हे बघ हिराबाय, खरखरीत काच म्हणजे बारीक बारीक खड्डे. त्यांच्यावर उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. खड्ड्यांत पाणी भरलं, की पांढरेपणा दिसेनासा होतो.”

हिराबायनं आकृतीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. “म्हंजे पानी भरला की बुडते. मी दुसरा काय बोलते?”

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, सोपं आहे, उद्या सुताराला घेऊन येते, काच काढून उलटी बसवू, खरखरीत बाजू आत. हिराबाय ताडकन उभी राहिली. “पोर दर्यात असताना होडी घराभाईर काढू? येडी झाली काय तू?” आणि जिना उतरून गेली. जाताना एवढंच म्हणाली की घरी काच पुसायला कोणी नाही, पाऊस वाढलाय.

मी काही अंधश्रद्धाळू नाही. आमचे हे तर मांजर आडवं गेलं तर मांजराच्या सुरक्षिततेचा विचार करतात. पण त्या दुपारी आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता छत्र्या शोधत होतो. फोन नितेशचा लागत नव्हता. खोल पाण्यात गेल्यावर कुणाचाच लागत नाही. बाकीच्या होड्याही बाहेरच होत्या आणि गावात कुणी घाबरलेलं नव्हतं, हे सगळं खरं. तरी मला एकच दिसत होतं, की त्या बाईनं मला विचारलं होतं, “पान्यानं?” आणि मी काय थाटात नाही म्हटलं होतं.

सातपाटीला पोचलो तेव्हा हिराबाय खिडकीखाली स्टुलावर चढून मोठ्या चौकड्याच्या टॉवेलनं काच पुसत होती. पुसली की होडी उठायची, सर आली की जायची. हे लगेच कामाला लागले. पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढून खिडकीवर छप्पर बांधलं, खाली लाल-पांढरी पट्टी ताणून कुणी जवळ येऊ नये अशी व्यवस्था केली. गल्लीतल्या एकानं विचारलं, गॅसची लाइन टाकताय का. दहा मिनिटांत वारा आला आणि छप्पर उडून पारूच्या कौलांवर जाऊन बसलं. मग आम्ही पाळ्या लावल्या. एक पाळी हिराबायची, एक माझी, एक ह्यांची. ह्यांच्या पाळीत काच वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे अशी पद्धतशीर पुसली जायची, पण तोवर वरचा भाग परत भिजायचा. तासाभरानं पारू दारात उभी राहिली. मला वाटलं आता टोमणा येणार. ती रस्ता ओलांडून आली, ह्यांच्या हातातून टॉवेल घेतला आणि म्हणाली, “सरा, तुना पुसता येत नाय.” आणि पुसायला लागली.

तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही असे काढले. सकाळी सरावलीहून जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. पुसणारीच्या शेजारी बाकीच्या दोघी वळचणीला बसायच्या, पाय पाण्यात, गप्पा मारत. मी आयुष्यात इतकं निरर्थक आणि इतकं मन लावून केलेलं दुसरं काम नाही. हिराबाय एकदा काच पुसता पुसता म्हणाली, “त्याचा बाप दर्यावर जायचा तवा मी एकदाबी भ्याली नाय. लोका विचारायची, तुना भ्या नाय वाटत? मी बोलायची, तांडेल तो हाय, भ्या त्याना. आता पोर तांडेल झाला नि सगला भ्या माझ्याकडं आला.” माझी मुलगी पुण्याला आहे, कोरड्या जमिनीवर, आणि तिचा फोन दोन दिवस आला नाही तर मी भाजीत दोनदा मीठ घालते.

थोड्या वेळानं ती काचेकडे बघत म्हणाली, “नि तूबी अशी. होडी जाताना काढली. जानारी काढली तर ती जानारच.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना, हिराबाय!”

“तू येवढी खुशीत होती. कशाला बोलू?”

हे तिचं वाक्य मला त्या वर्षापासून पुरलं आहे. अजून मी कुणाला काही काढून दाखवलं आणि समोरचं माणूस गप्प राहिलं, की मी लगेच खुशीत येत नाही. विचारते, काय राहिलंय ते सांगा. माणसं आधी आढेवेढे घेतात, मग सांगतात, आणि बहुतेक वेळा नक्षीबद्दल नसतंच ते. कुणाला काचेवर मेलेल्या बहिणीची रांगोळी हवी असते, कुणाला विकलेल्या वाडीतलं चिकूचं झाड. फुलं ही माझी हौस असते, त्यांची नाही. हे कळायला एक टॉवेल पिळावा लागला. पिळलेल्या टॉवेलाला डांबराचा, खाऱ्या पाण्याचा आणि हिराबायच्या घराचा मिळून एक वास होता. तो मला आवडायचा, हेही सांगून टाकते.

पाचव्या दिवशी दुपारी भरतीबरोबर होड्या आल्या. गल्लीच्या टोकाकडून ओरड आली, “हिरा आली, हिरा आली!” हिराबाय स्टुलावरून उतरली नाही. “नितेशला बोलव,” एवढंच म्हणाली आणि काच पुसत राहिली. नितेश आला तो नखशिखांत भिजलेला, दाढी वाढलेली, घोगऱ्या आवाजाचा. मासळी बरी मिळाली होती. आमच्या ह्यांनी काय काय मिळालं, हे विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्यांनी फक्त विचारलं, “इंजिननं त्रास नाही ना दिला?” आणि चष्मा काढून पुसला.

आपली आई स्टुलावर, पारूकाकी बादली धरून, आणि बोईसरचे सर हातमोजे घालून उभे, हे बघून नितेशला आधी कुणीतरी गेलंय असंच वाटलं. पारूनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. सरळ काचेभोवतीच्या लाकडी पट्ट्या उचकटायला लागला. ह्यांनी काच दोन्ही हातांनी धरली, हळूच बाहेर घेतली, फिरवली, खरखरीत बाजू आत करून परत बसवली. नितेशनं खिळे ठोकले. मी जीव मुठीत धरून उभी होते, कारण काच फिरवली की काय होतं ते मला माहीत होतं आणि सांगायचा धीर दोन दिवस झाला नव्हता.

पारूच्याच लक्षात आलं. “अगं हिरे, नाव उलटा झाला! रस्त्यावरनं वाचता येत नाय!”

“घरातून येतं वाचता,” मी घाईनं म्हटलं. “आतून सरळ दिसेल. हिराबाय, मी नवी करून देते. पैसे नाही, काही नाही, आठवड्यात देते.”

हिराबाय रस्त्यात मधोमध उभी राहून बघत होती. “मना कुठं वाचता येते?” ती म्हणाली. “मना दोनी बाजूनी सारखाच दिसते. पन तू होडी बग ना, बाय.”

मी बघितलं. काच फिरली तशी होडीही फिरली होती. नाळ आता समुद्राकडे नव्हती, दाराकडे होती.

“येते आता,” हिराबाय म्हणाली. “मना अशीच पायजे होती.”

तेवढ्यात सर आली. आम्ही कुणीच आडोशाला गेलो नाही, मी, हे, पारू, गल्लीतली दहा-बारा माणसं, सगळे काचेकडे डोळे लावून भिजत उभे. पाणी काचेवरून ओघळत होतं आणि होडी जागच्या जागी होती, दुधासारखी पांढरी. पारूनं टाळी वाजवली. मी हिराबायकडे वळून बघितलं. ती काचेकडे बघतच नव्हती. तिनं तो चौकड्याचा टॉवेल घट्ट पिळला, नितेशची मान खाली ओढली आणि भर पावसात, सगळ्या गल्लीसमोर, त्याचं डोकं पुसायला लागली. सहा माणसांचा तांडेल मान खाली घालून मुकाट उभा राहिला, आणि ती पुसत राहिली, पाऊस पडत होता तरी.